खातरजमेची दुसरी वाट

व्यवहाराची नोंद खरी राहावी, ती परक्याच्या हाती पडू नये आणि लागेल त्या वेळी ती समोर मिळावी, या तीन गोष्टींची काळजी व्यापारी माणूस बोरू-दौतीच्या काळापासून घेत आला आहे. संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांवर चालणाऱ्या व्यवहारात हीच काळजी घेतली की तिला सायबर सुरक्षा म्हणतात, आणि शास्त्राच्या परिभाषेत त्या तीन गोष्टींना अनुक्रमे अखंडता, गोपनीयता व उपलब्धता अशी नावे आहेत. या विषयाची मांडणी बहुधा विषाणू, हॅकर आणि पासवर्ड यांच्यापासून सुरू होते. त्यामुळे किराणा दुकानदाराला, दूध संकलन केंद्राच्या चालकाला किंवा खते-बियाणे विकणाऱ्याला तो मोठ्या कंपन्यांचा, शहरातल्या जाणकारांचा विषय वाटतो. प्रस्तुत पुस्तकाची सुरुवात कीर्द-खतावणीपासून केलेली आहे, कारण छोट्या व्यवसायाची लूट होते तेव्हा पुष्कळदा यंत्राचे कुलूप फोडलेले नसते. खोटी नोंद खरी म्हणून पुढे केलेली असते आणि ती पडताळण्याची वाट कोणीतरी आधीच अडवून ठेवलेली असते.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णे आणि निमगाव केतकी यांच्या दरम्यान असलेले शेळगाव हे या पुस्तकाच्या नजरेसमोरचे गाव आहे. ऊस, डाळिंब आणि दूध यांवर चालणारा हा मुलूख आहे, भवानीनगरचा छत्रपती सहकारी साखर कारखाना आणि वालचंदनगरची कारखानदारी याच टापूत आहे, आणि आषाढी वारीला निघालेली तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पुढे सरकते. अशा गावात कृषी सेवा केंद्र, दूध डेअरी, हॉटेल, वेल्डिंगचे वर्कशॉप, रोपवाटिका, पतसंस्था आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारे सेवा केंद्र असे व्यवसाय एकमेकांना लागून उभे असतात. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो, म्हणजे गावातली जवळजवळ प्रत्येक पाटी या व्याख्येत बसते. या व्यवसायांच्या गल्ल्यावर आज काय असते ते पाहिले तरी बदल ध्यानात येतो. क्यूआर कोडचा फलक, जमा झालेली रक्कम बोलून सांगणारा साउंड बॉक्स, अनुदानित खत देताना शेतकऱ्याचा अंगठा घेणारे पॉस यंत्र, आणि या सर्वांच्या वर एकच मोबाइल, ज्यात दुकानाचे बँक खाते, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, जीएसटीचा ओटीपी आणि मुलांचे खेळ एकत्र नांदत असतात.

पूर्वी हेच व्यवहार निरनिराळ्या हातांतून जात. नोंद मुनीम किंवा घरातला लिहिता मुलगा करी, गल्ल्याची किल्ली मालकाच्या करगोट्याला असे, आणि रात्री दिवे लागल्यावर रोजमेळ लिहून ताळा जुळवला जाई. लिहिणारा, पैसे हाताळणारा आणि तपासणारा असे तीन वेगळे हात असल्यामुळे एकाची चूक दुसऱ्याला सापडे. मोबाइलने हे तिन्ही हात एका तळहातात आणले. सोय फार मोठी झाली यात शंका नाही, पण जुन्या पद्धतीत न बोलता होणारी तपासणी तिच्याबरोबर गेली, आणि ती गेल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. छोट्या व्यवसायांच्या सायबर सुरक्षेतली मूळ उणीव हीच आहे, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन समजून घेण्यासाठी पुण्यातल्या एका मोठ्या प्रकरणाकडे वळावे लागते. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली, मध्यमवर्गीयांच्या ठेवींवर वाढलेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ आणि १३ या दोन तारखांना तिच्याकडून एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटले गेले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी रुपये २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बारा हजारांवर व्यवहारांद्वारे काढले गेले, अडीच कोटी रुपये भारतातल्या २,८४९ व्यवहारांतून गेले, आणि दोन दिवसांनी, स्विफ्ट या बँकांमधील आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेचा गैरवापर करून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यावर वळवण्यात आले. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवले. बनावट कार्डे घेऊन प्रत्यक्ष नोटा काढणारी माणसे परदेशात होती तशी कोल्हापुरातही होती.

आकडे थक्क करणारे आहेत, तथापि छोट्या व्यावसायिकाने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट त्या लुटीच्या रीतीत आहे. एटीएम यंत्राला ग्राहकाच्या खात्यात किती पैसे आहेत हे स्वतःला ठाऊक नसते. कार्ड आत गेले की ते बँकेकडे विचारणा पाठवते, ही विचारणा ‘स्विच’ नावाच्या मध्यस्थ संगणकाकडून बँकेच्या मुख्य खातेवहीपर्यंत, म्हणजे कोअर बँकिंग प्रणालीपर्यंत जाते, तिथे शिल्लक पाहिली जाते आणि ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे उत्तर त्याच वाटेने परत येते. हल्लेखोरांनी घातक आज्ञावली, म्हणजे मालवेअर, बँकेच्या यंत्रणेत शिरवून खऱ्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. त्यानंतर आलेल्या प्रत्येक विचारणेला तो बनावट स्विचच ‘द्या’ म्हणत राहिला. मुख्य खातेवहीला कोणी हात लावला नाही, तिच्यातला एकही आकडा खोडला नाही. विचारणा तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही. खातरजमेची एकच वाट होती आणि त्या वाटेवर चोर बसला होता.

शेळगावच्या हॉटेलात चहा-वडापावचे ऐंशी रुपये देताना एखादा अनोळखी गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा समोर धरतो, त्यावर हिरवी खूण आणि ‘पेमेंट यशस्वी’ अशी अक्षरे दिसतात, आणि गर्दीच्या वेळी गल्ल्यावरचा मुलगा मान डोलावतो. पैसे आले की नाही हा प्रश्न दुकानाच्या खात्याला विचारायचा असतो, इथे तो गिऱ्हाइकाच्या पडद्याला विचारला जातो. तो पडदा जुन्या व्यवहाराचा फोटो असू शकतो किंवा अशीच चित्रे तयार करून देणाऱ्या बनावट ॲपचा असू शकतो. क्यूआर कोडवर रातोरात दुसऱ्याचा स्टिकर चिकटवला जातो तेव्हाही हेच घडते, कारण फलक दुकानाचा दिसतो आणि पैसे मात्र भलत्याच खात्यावर जातात. ऐंशी रुपये आणि ९४ कोटी रुपये यांच्यात कितीही अंतर असले तरी दोन्ही ठिकाणी फसवणुकीचा सांगाडा एक आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयचा एक साधा नियम या ठिकाणी कायमचा मनावर ठसवून घेतला पाहिजे: पिन टाकावा लागतो तो पैसे पाठवताना, पैसे घेताना कधीही नाही. ‘पैसे पाठवतोय, मंजुरीसाठी पिन टाका’ असे फोनवर कोणी म्हणाले की तो आपल्याच खात्यातून पैसे काढून घेण्याचा प्रयत्न आहे हे निश्चित समजावे.

याहून गंभीर प्रकार उधारीच्या आणि घाऊक व्यवहारांत घडतो. औषधे-खते पुरवणाऱ्या कंपनीच्या नावाने ईमेल किंवा व्हॉट्सॲप निरोप येतो की लेखापरीक्षणामुळे आमचे जुने खाते बंद आहे, या महिन्याची रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी. बिलाचा नंबर बरोबर असतो, रक्कम बरोबर असते, सहीखालचे नावही ओळखीचे असते, कारण दोघांपैकी एकाचा ईमेल आधीच कोणीतरी उघडून वाचत बसलेला असतो. अशा वेळी त्याच ईमेलला उत्तर देऊन ‘हे खरे का?’ असे विचारणे म्हणजे चोरालाच साक्ष विचारणे होय. जुन्या वहीत लिहिलेल्या, पूर्वीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून त्या माणसाचा आवाज ऐकणे ही दुसरी वाट, आणि तिला लागतात फार तर दोन मिनिटे.

ही कल्पना आपल्या व्यापारी परंपरेला नवी नाही. हुंडीच्या व्यवहारात ‘शाहजोग’ हुंडी कोणाच्याही हातावर वटवली जात नसे. ती बाजारात पत असलेल्या शाहाच्या, म्हणजे प्रतिष्ठित सावकाराच्या मार्फतच चुकती होई, जेणेकरून हुंडी चोरीची निघाली तर पैसे कोणाच्या हाती गेले हे शोधता यावे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर ‘पेठ’ आणि तीही गहाळ झाली तर ‘परपेठ’ अशा पाठोपाठच्या प्रती लिहून देण्याची रीत होती. कागद हरवू शकतो, कागद खोटा असू शकतो आणि कागद आणणारा माणूस खोटा असू शकतो हे तीनही धोके त्या लोकांनी गृहीत धरले होते. आज ‘द्विस्तरीय पडताळणी’ म्हणून जी पद्धत शिकवली जाते, म्हणजे पासवर्डखेरीज दुसऱ्या साधनावर आलेल्या किंवा तयार झालेल्या आकड्याचीही मागणी करणे, ती त्याच सावधपणाची पुढची पायरी आहे. ईमेल, व्हॉट्सॲप आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर या तिन्हींवर ती आजच सुरू करावी, कारण एक पैसाही न खर्चता इतके संरक्षण देणारे दुसरे काही नाही.

दूध संकलन केंद्राचे उदाहरण थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. सकाळी किटल्या येतात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन पदार्थ, मोजले जातात, लिटर आणि दर यांचा गुणाकार संगणक करतो, आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार शेतकऱ्यांच्या खात्यांवर जातो. त्यासाठी चालक एक तक्ता तयार करतो, ज्यात नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम असे चार रकाने असतात, आणि तो तक्ता बँकेकडे पाठवतो. समजा, या तक्त्यातल्या दोनशे ओळींपैकी तीन ओळींतले खाते क्रमांक कोणी बदलले. रकमांची बेरीज तीच राहते, एकूण लिटर तेच राहतात, संध्याकाळचा ताळा अचूक जुळतो, आणि तरीही तीन घरांचा दहा दिवसांचा पगार परक्याच्या खिशात जातो. बँकेचे यंत्र पैसे खाते क्रमांक पाहून जमा करते, नाव पाहून करत नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांना आरटीजीएस व एनईएफटीसाठी खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय देण्यास सांगितले ते याच कारणाने. पण शेकडो ओळींच्या तक्त्याला ती सोय पुरी पडत नाही. तिथे जुना उपायच नव्याने वापरावा लागतो. खाते क्रमांकांची छापील यादी रजिस्टरमध्ये डकवून ठेवावी, प्रत्येक पगाराला मागच्या तक्त्याशी तुलना करून फक्त बदललेल्या ओळी वेगळ्या काढाव्यात, आणि त्या ओळींसमोर शेतकऱ्याची आणि चालकाखेरीज दुसऱ्या माणसाची सही घ्यावी. दोनशे शेतकऱ्यांच्या केंद्रात दहा दिवसांत किती खाती बदलणार? एखाद-दुसरे. काम थोडे आहे. ते नेमाने करणे एवढेच कठीण आहे.

‘माझ्या दुकानावर कोण हल्ला करणार’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तर २७ जून २०१७ या तारखेत आहे. युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या कर व हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात हल्लेखोरांनी ‘नॉटपेट्या’ नावाची विध्वंसक आज्ञावली मिसळली. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी छोटी होती, पण तिच्या ग्राहकांच्या संगणकांतून ती आज्ञावली मर्स्क या जगड्व्याळ जहाज कंपनीत पोहोचली, आणि तिथून आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्याच समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. ज्या दाराने ती पसरली त्यातली एक फट बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती, आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच फटीतून जगभर धुमाकूळ घातला होता. ‘अपडेट करा’ ही पडद्यावरची सूचना पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने या तीन तारखा एका ओळीत वाचाव्यात. ३१ जुलै २०२४ ची घटना तर सहकारी क्षेत्राच्या अगदी जवळची आहे. छोट्या बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाल्यामुळे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला तात्पुरते वेगळे केले, आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार अडले. या बँकांच्या ग्राहकांच्या हातून काहीही चूक घडलेली नव्हती.

खंडणीखोर आज्ञावली, म्हणजे रॅन्समवेअर, संगणकातल्या फायली कूटबद्ध करते, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत अशा रूपात बदलते, आणि किल्लीसाठी पैसे मागते. नॉटपेट्यात तर पैसे देऊनही फायली परत मिळण्याची सोयच नव्हती. यावर एकच भरवशाचा उपाय आहे, तो म्हणजे प्रती ठेवणे: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुकानाबाहेर. अनेक ठिकाणी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर रोज घेतला जातो, पण तो पेनड्राइव्ह दिवसरात्र संगणकालाच खोचलेला असतो, त्यामुळे संगणकाबरोबर तोही कूटबद्ध होतो. बॅकअप घेऊन झाला की पेनड्राइव्ह काढावा, घरी न्यावा, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप हा न वाजवलेल्या रुपयासारखा असतो.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘एपीके’ फायलींबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. एपीके म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवण्याचे गाठोडे. लग्नपत्रिका, आरटीओचे चलन किंवा पीएम किसानची यादी अशा नावांनी ते ओळखीच्या नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा मोबाइल आधीच ताब्यात गेलेला असतो. ते बसवून परवानग्या दिल्या की मोबाइलवर येणारे संदेश, त्यांतले ओटीपी धरून, चोराला दिसू लागतात. लग्नपत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात येते, तिला कधीही ॲप बसवावे लागत नाही. ज्या मोबाइलवर दुकानाचे बँक खाते आहे तो मोबाइल शक्यतो वेगळाच असावा, मग तो साधा असला तरी चालेल.

आतापर्यंतचे विवेचन व्यावसायिकाच्या स्वतःच्या पैशांविषयी झाले, पण गावातल्या सेवा केंद्रांकडे दुसऱ्यांची ठेव असते आणि तिची जबाबदारी अधिक जड आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा यांसाठी लोक आधार कार्ड आणि पासबुकाचे फोटो केंद्रचालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, ते संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि तोच संगणक रात्री गेम खेळायलाही वापरला जातो. म्हातारी बाई अंगठा लावते तेव्हा ती यंत्रावर नव्हे, त्या माणसावर विश्वास टाकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये लोकांची माहिती हाताळणाऱ्याने तिचे वाजवी संरक्षण केले पाहिजे, आणि ते न केल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते. गावातल्या केंद्राला इतका दंड होईल असे नाही, तथापि काम झाले की फोटो पुसून टाकण्यासाठी कायद्याची धास्ती लागू नये.

फसवणूक झालीच तर वेळ हीच सर्वांत मोठी वस्तू ठरते. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर ताबडतोब कळवले तर पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या परिपत्रकाने, असे ठरवून दिले की बँक किंवा ग्राहक यांपैकी कोणाचीही चूक नसताना तिसऱ्याच्या कृत्याने पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाला तोटा सोसावा लागू नये. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवल्यास छोट्या उद्योगाच्या चालू खात्यापुरता तो दहा हजार रुपयांवर थांबतो. मात्र पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. एवढी तरतूद असूनही माणसे गप्प बसतात, कारण गावात बोभाटा होईल, शिकलेला असून फसला असे लोक म्हणतील, अशी भीती त्यांना वाटते. ही लाज चोराच्या फार उपयोगी पडते. कॉसमॉससारखी शंभर वर्षांहून जुनी बँक ज्या रीतीने फसली त्याच रीतीने फसलेल्या दुकानदाराने मान खाली घालण्याचे काहीही कारण नाही.

एका धोक्याविषयी अजून फारसे बोलले जात नाही. चोरीचे पैसे फिरवण्यासाठी चोरांना दुसऱ्यांची खाती लागतात, ज्यांना म्युल खाती म्हणतात, आणि व्यवसायाच्या चालू खात्यातून मोठ्या रकमा सहज जात असल्याने अशा खात्यांना अधिक मागणी असते. ‘खाते फक्त महिनाभर वापरू द्या, टक्केवारी मिळेल’ असे म्हणत कामाच्या शोधातल्या तरुणांना गाठले जाते, आणि पुढे पोलीस दारात येतात तेव्हा खरा सूत्रधार दूर कुठेतरी असतो. याची दुसरी बाजूही तितकीच त्रासाची आहे: गिऱ्हाइकाने दिलेले पैसे चोरीच्या साखळीतले निघाले तर प्रामाणिक दुकानदाराचेही खाते गोठवले जाऊ शकते. अशा वेळी त्याच्या बाजूने बोलणारा पुरावा म्हणजे त्या विक्रीचे बिल आणि त्या दिवसाची कीर्द.

पुढील प्रकरणे व्यवसायांच्या क्रमाने लावली आहेत, धोक्यांच्या क्रमाने नाहीत, म्हणून डेअरीचालकाने डेअरीचे आणि पतसंस्थेच्या सचिवाने पतसंस्थेचे प्रकरण आधी वाचण्यास हरकत नाही. शेवटची आठ पाने मुद्दाम कोरी, रेघा ओढलेली ठेवली आहेत. प्रत्येक पुरवठादाराचे, बँकेच्या शाखेचे आणि हिशेब पाहणाऱ्याचे नाव आणि नंबर तिथे त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून, शाईने लिहायचे आहेत, आणि ती पाने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायची नाहीत.